दातातली शिट्टी

डॉक्टर: पावाने?

सर: पावाने. कडेचा तुकडा होता, जरा कडक.

डॉक्टर: सर, पावाच्या तुकड्याने पोर्सिलीन तुटत नाही.

काकू: आणि कडेचे तुकडे आमच्या घरी मी खाते. तू सांगितल्यापासून यांना सफरचंदसुद्धा फोडी करून देते. एवढ्या मोठ्या माणसाला!

सर: मग बदाम असेल.

काकू: बदाम भिजवून, सोलून, कुटून देते.

सर: तू जरा बाहेर बसतेस का?

काकू: नाही बसत. मागच्या वेळी बाहेर बसले होते. तेव्हा तुम्ही हिला काय सांगितलंत ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर: अक्रोड सांगितला होता, काकू.

काकू: अक्रोड! आमच्या घरात अक्रोड आलाय कधी?

डॉक्टर: तोंड उघडा, सर. आणखी. दिवा डोळ्यांवर येतोय का? मग डोळे मिटा. हा वरचा पुढचा, डावीकडचा. फोनवर काकू म्हणाल्या व्हिनिअर निघालंय, पण हे तर जागेवर दिसतंय. वाकडं आहे, पण आहे. आणि कडेने हे काचेसारखं काय वाळलंय? बंद करू नका! मान हलवून सांगा. तुम्ही हे घरी चिकटवलंत?

सर: आं आं.

डॉक्टर: नाही म्हणजे? मग कुठे चिकटवलंत? बोला आता.

सर: शाळेत. सामानाच्या खोलीत ती ट्यूब असते ना, रॅकेटी चिकटवायची. फार घट्ट धरते गं. मागच्या वर्षी जोडलेल्या रॅकेटी अजून हलल्या नाहीत.

डॉक्टर: रॅकेट कोणी तोंडात ठेवत नाही, सर!

सर: ओरडू नकोस, भिंगरी.

डॉक्टर: इथे ते शाळेतलं भिंगरी म्हणायचं नाही. बाहेर पेशंट बसलेत.

सर: त्यांना काय कळतंय, कोण भिंगरी ते.

काकू: ती अशीच गरगर फिरायला लागली तर कळेल. सांग गं तू, मी ऐकते. यांच्या वाटचं मीच ऐकते.

डॉक्टर: काकू, व्हिनिअर म्हणजे पोर्सिलीनचा पापुद्रा. आपल्या नखाएवढा पातळ. दात पूर्ण कोरडा करून, खास सिमेंटने, केस शिरेल एवढीही फट न ठेवता तो बसवायचा असतो. यांनी ओल्या दातावर ट्यूब पिळली. आत थुंकी अडकली, वरून डिंकाचं झाकण बसलं. असंच राहिलं असतं तर आतला दात गुपचूप किडला असता आणि बाहेरून सगळं पांढरंशुभ्र दिसलं असतं. सर, व्हिनिअर निघालं तर काय करायचं, सांगितलं होतं ना?

सर: डबीत ठेवायचं.

डॉक्टर: आणि?

सर: तुला फोन करायचा.

डॉक्टर: मग का नाही केलात?

सर: तू ओरडतेस.

काकू: बघ. पन्नास पोरांवर ओरडणारा माणूस तुला घाबरतो.

डॉक्टर: घाबरत असते तर बरं होतं. आता एक सुई टोचते. ओठ बधिर होईल. हा डिंक खरवडून काढताना तुम्हाला झिणझिण्या येतील, म्हणून. हलू नका. झालं. जरा वेळ थांबू. तोवर ब्रश कुठला वापरता ते सांगा.

सर: तूच दिलेला. मऊ.

काकू: तो ब्रश दातांना कधी लागलाच नाही, गं. त्याने हे बॉलच्या शिवणीतली माती काढतात.

सर: एकदाच काढली.

काकू: आणि दातांना राखुंडी. मोरीच्या खिडकीत डबीमागे डबी लपवलेली आहे. मला दिसत नाही असं यांना वाटतं.

सर: लहानपणापासून बोटाने राखुंडी लावतोय. माझ्या एका दाताला कीड नाही. आहे का? खरं सांग.

डॉक्टर: नाही. पण लहानपणी तुमच्या दातांवर पोर्सिलीन नव्हतं, सर. त्याच्यावर झिलई असते. राखुंडीने ती खरवडली जाते. मग तिथे खडबड होते, खडबडीत चहाचा डाग बसतो, तो घालवायला तुम्ही आणखी जोराने राखुंडी घासता. आणि मग मला म्हणता, तुझं व्हिनिअर पिवळं पडलं. ते पडलं नाही, तुम्ही पाडलंत. मऊ ब्रश, साधी पेस्ट, दातांच्या फटीतून दोरा. एवढंच तर मागितलं होतं. आणि रात्रीची पट्टी?

काकू: कुठली पट्टी?

डॉक्टर: झोपताना दातांवर घालायची. पारदर्शक. निळ्या डबीत दिली होती.

काकू: ती निळी डबी? तिच्यात तर बॉलमध्ये हवा भरायच्या सुया आहेत!

डॉक्टर: आणि पट्टी?

सर: चष्म्याच्या जुन्या घरात. सुरक्षित आहे.

डॉक्टर: ती सुरक्षित असून काय करू, सर? दात सुरक्षित राहावेत म्हणून पट्टी आहे. पट्टी सुरक्षित राहावी म्हणून दात नाहीत!

काकू: हे झोपेत दात खातात गं. करकर, करकर. मध्येच 'सावधान' म्हणतात. मी दचकून उठून बसते.

डॉक्टर: ओठ जड झाला? इथे दाबते, कळतंय का?

सर: ओठ दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतोय.

डॉक्टर: छान. आ करा. आता कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा. ... हं. ... निघालं. गुळणी करा. काकू, तो ग्लास द्या त्यांना. सावकाश, सर, हनुवटीवरून ओघळतंय. मी जरा हे व्हिनिअर भिंगाखाली बघते.

सर: परत बसेल ना तेच?

डॉक्टर: थांबा.

सर: नुसता कोपरा उडालाय. कोणाला दिसतोय कोपरा.

डॉक्टर: काकू, इकडे या. या भिंगातून बघा. खालच्या धारेला रेघ दिसते?

काकू: दिसते की. पेन्सिलीने मारल्यासारखी.

डॉक्टर: चिनी मातीच्या बशीवर चमचा घासला की राखाडी रेघ उमटते, तशीच ही. पोर्सिलीनवर धातू घासला की उमटते. आणि कोपऱ्याचा टवका उडालाय तो बरोबर या रेघेच्या टोकाला. पाव नाही, बदाम नाही, अक्रोड तर नाहीच. सर, तुम्ही दातांत काय धरता?

सर: काही नाही.

काकू: शिट्टी.

सर: अगं—

काकू: शिट्टी धरतात. पितळेची. संध्याकाळी घरी येतात तेव्हासुद्धा दातांतच असते. आधी ती खुंटीला लागते, मग चपला निघतात. माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे! मी वेड्यासारखी बदाम कुटत बसले.

डॉक्टर: सर, मी तुम्हाला एकेक करून विचारलं होतं. नखं खाता का? पेन चावता का? बाटलीचं झाकण दातांनी काढता का? बर्फ फोडता का? प्रत्येकाला नाही म्हणालात.

सर: शिट्टीचं नव्हतं विचारलंस.

डॉक्टर: मला काय स्वप्न पडणार होतं?

सर: मी खोटं बोललो नाही एवढंच म्हणतोय.

काकू: आणि अक्रोड?

सर: अक्रोडाचं सोड.

डॉक्टर: हे तिसऱ्यांदा आहे, सर. पहिल्यांदा म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. रात्र रात्र विचार केला. सिमेंट बदललं. दुसऱ्यांदा प्रयोगशाळेतल्या माणसाशी भांडले, म्हटलं तुमचं पोर्सिलीन ठिसूळ आहे. तो बिचारा शपथा घेत होता. आणि तुम्ही इथे या खुर्चीवर बसून अक्रोड म्हणत होतात!

सर: त्याच्याशी भांडायला नको होतंस.

डॉक्टर: सर!

सर: बरं, बरं. चुकलं. आता ऐक. प्लास्टिकची शिट्टी घेतो.

काकू: घेतली होती ना मागे? चावून चावून चोथा केलात. कुत्र्याच्या पिल्लाने चपलेचा करावा तसा.

सर: मग रबराची टोपी चढवतो पितळेच्या शिट्टीवर.

डॉक्टर: रबर चढवलं तरी दात आवळलेलेच राहणार. तासन्‌तास. ओझं दातांवरच. शिट्टी गळ्यात अडकवा. वाजवायची तेव्हा हातात घ्या, ओठांत धरा, वाजवा, सोडा. सगळ्या जगातले शिक्षक तसंच करतात.

सर: सगळ्या जगातल्या शिक्षकांना हात मोकळे असतात.

डॉक्टर: म्हणजे काय?

सर: तू माझ्या वर्गात होतीस ना? घोडा विसरलीस?

डॉक्टर: घोडा कसा विसरेन? चार पायांचा, वर चामड्याची गादी. धावत यायचं, गादीवर हात टेकायचे आणि पलीकडे उडी.

सर: पलीकडे कोण असायचं?

डॉक्टर: तुम्ही.

सर: माझे हात कुठे असायचे?

डॉक्टर: पुढे. दोन्ही. आम्ही पडलो तर धरायला.

सर: आणि शिट्टी?

डॉक्टर: तोंडात. पण तेव्हा तुमचे दात धडधाकट होते, सर.

सर: ते कसे गेले? असेच गेले. एक पोरगा उडी मारून आला आणि त्याचं डोकं बसलं माझ्या तोंडावर. पुढच्या दोन्ही दातांचे तुकडे. पण पोराला मी सोडलं नाही. दोन हात मुलासाठी, तोंड उरलेल्या वर्गासाठी. अर्धा वर्ग घोड्याच्या रांगेत, अर्धा माझ्या पाठीमागे मैदानावर. तिकडे कोणी गोलाच्या खांबावर चढतं, कोणी कोणाच्या डोक्यात बॅट घालतं. मी गळ्यातली शिट्टी शोधायला एक हात काढला, तेवढ्यात समोरचं पोर आलं उडत, तर? तू सांग, कुठला हात काढू?

डॉक्टर: दुसरे शिक्षक कुठे आहेत? आमच्या वेळी दोघं असायचे. ते लांब केसांचे सर होते ना?

काकू: ते गेले निवृत्त होऊन. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. हे दरवर्षी मुख्याध्यापिकाबाईंना विचारतात आणि दरवर्षी त्या पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

डॉक्टर: म्हणजे दोघांचं काम तुम्ही एकटे करता?

सर: भागवतो.

डॉक्टर: कशाने भागवता? दातांनी! शाळेने माणूस द्यायचा तो दिला नाही आणि त्या माणसाचं काम माझ्या व्हिनिअरवर टाकलंत. नखाएवढा पापुद्रा तो, सर. तो एका शिक्षकाची जागा भरून काढेल का?

सर: भाषण नको. नवं कधी बसवतेस ते सांग. शनिवारी पालक यायचेत. मुलं घोडा करून दाखवणार आहेत.

डॉक्टर: नवं प्रयोगशाळेतून यायला दोन आठवडे लागतील. आता तात्पुरतं बसवून देते. ते साध्या मसाल्याचं असतं. त्याच्यावर शिट्टी धरलीत की ते निघणार, आणि धावपळीत श्वासाबरोबर आत गेलं तर मोठं संकट.

सर: मग शनिवारपुरतं काहीच लावू नकोस. उघडा दात राहू दे.

डॉक्टर: उघड्या दाताने पितळ चावणार? सर, आता नीट ऐका. व्हिनिअर बसवायला दाताची वरची साय थोडी घासावी लागते. ती परत येत नाही. तीनदा चिकटवून, तीनदा काढून, आज हा डिंक खरवडून, तिथे आता फार थोडी उरली आहे. आणखी एकदा असं झालं तर व्हिनिअर बसणारच नाही. मग दात चारही बाजूंनी कोरायचा आणि वर टोपी. तोवर नस दुखावली तर ती काढायची. आणि दात उभाच चिरला, तर उपटायचा. एवढाच उपाय उरतो. मी नवं बसवेन. पण शिट्टी दातांत धरणार नाही असं कबूल केल्याशिवाय नाही. माझ्या हातांनी तुमचा दात मी संपवणार नाही.

सर: मग नको बसवूस. म्हाताऱ्याला दात कशाला हवेत शोभेला? चल गं, उठ.

काकू: बसा खाली.

सर: मी म्हटलं ना—

काकू: बसा! शोभेला म्हणे. हिला माहीत नाही, मला माहीत आहे. दात तुटले तेव्हा वर्षभर तोंडावर हात धरून बोलत होतात तुम्ही. घरात माझ्याशीसुद्धा. भाजी आण म्हणायचं तरी हात तोंडावर. आणि काय झालं शाळेत? सांगा हिला.

सर: काय सांगायचं त्यात.

काकू: मी सांगते. पहिलीची पोरं तोंडावर हात धरून बोलायला लागली. सगळी. 'हजर' म्हणताना हात, पाणी मागताना हात. त्यांना वाटलं, मोठ्या शाळेत असंच बोलायचं असतं. वर्गाच्या बाई हैराण. कोणाला कळेना हे कुठून आलं. ज्या दिवशी यांना कळलं, त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले.

डॉक्टर: सर, हे मला कधी सांगितलं नाहीत.

सर: तू विचारलं नव्हतंस.

डॉक्टर: मी चिडू नको तर काय करू?

सर: चीड. पण शनिवारी मला शिट्टी हवी. चौथीत एक मुलगी आहे. सहा महिने घोड्यापर्यंत धावत येते आणि थांबते. मी काही म्हणत नाही. रांगेत मागे जाते, परत येते, परत थांबते. या सोमवारी पहिल्यांदा तिने गादीवर हात टेकले. नुसते टेकले. शनिवारी ती जाणार पलीकडे, मला दिसतंय. आता तिला काय सांगू? माझा दात दुखतोय?

काकू: मी येते. मी उभी राहते मैदानात शिट्टी घेऊन.

सर: तू?

काकू: का? माझा आवाज काय कमी आहे?

डॉक्टर: शनिवारी याल काकू. सोमवारी? त्याच्या पुढच्या सोमवारी? तुमच्या गुडघ्यांचं काय? काकू, तुम्ही उभ्या राहिलात की एक माणूस कमी आहे हे शाळेला परत दिसणार नाही. आतापर्यंत का दिसलं नाही? सरांनी दातांनी झाकून ठेवलं म्हणून.

सर: मी काही झाकलं नाही. मी मागितलं. दरवर्षी मागितलं.

डॉक्टर: मागितलंत, आणि नाही मिळालं तरी दुसऱ्या दिवशी घोडा बाहेर काढलात. त्यांनी कशाला द्यावं? सगळं सुरळीत चाललंय की.

सर: मुलांची अडवणूक करू?

डॉक्टर: मुलांची नाही. सर, उद्या तुमचा पाय मुरगळला आणि शिट्टी दातांतून पडली तर मागच्या अर्ध्या वर्गाकडे कोण बघणार आहे? आज मुलं सुखरूप आहेत ती तुमच्या एका दातावर. हे मी दाताची डॉक्टर म्हणून नाही सांगत. त्या रांगेत मी उभी होते.

काकू: पटतंय, की ओठाबरोबर कानही बधिर झालेत?

सर: घोडा नाही काढला तर ती मुलगी रडेल.

काकू: रडेल.

सर: मुलांना खरं सांगितलं की कळतं त्यांना. मोठ्यांसारखं मागचं काढत बसत नाहीत. पण रडेल.

डॉक्टर: तुम्ही सांगाल तिला. तुमच्याकडून ऐकलं तर थांबेल ती.

सर: किती दिवस थांबेल? भीती परत येते गं. एकदा हात टेकले आणि मग महिनाभर घोडा दिसलाच नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ह्या दोन आठवड्यांत शाळा माणूस देईल याची काय खात्री?

डॉक्टर: काही खात्री नाही.

सर: मग?

डॉक्टर: मग मला माहीत नाही, सर. मला दाताचं माहीत आहे.

सर: आधी ते तात्पुरतं बसव. तोंड उघडं ठेवून मला विचार करता येत नाही.

डॉक्टर: आ करा. ... चावा. ... परत चावा. उंच लागतंय? ... आता? ठीक. दोन आठवडे मऊ खायचं. ब्रश मऊ. राखुंडी बंद. काकू, मोरीच्या खिडकीतल्या सगळ्या डब्या.

काकू: आजच केरात.

डॉक्टर: आणि पट्टी रोज रात्री. सुयांना दुसरी डबी शोधा. आता घरी जा. बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही पिऊ नका, ओठ भाजला तरी कळणार नाही.

सर: माझा फोन दे गं. तुझ्या पिशवीत आहे.

काकू: कोणाला करताय? बोलता तरी येतंय का धड?

सर: येतंय तेवढं बोलतो. धड बोललो तेव्हा कोणी ऐकलं?

(सर मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावतात. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

सर: नमस्कार, बाई. ... हो, मीच. ओठ बधिर आहे, म्हणून आवाज असा येतोय. शनिवारचं सांगायचं होतं. घोडा निघणार नाही. ... नाही, तब्येत ठीक आहे. ... कवायत होईल, शर्यती होतील. घोडा नाही. ... मोडलेला नाही घोडा. चांगला आहे.

काकू: खरं काय ते सांगा की.

सर: श्श. ... मैदानावर दुसरं मोठं माणूस उभं राहील, त्या दिवशी काढेन. ... शनिवारपुरता शिपाई नको, बाई. रोज उभं राहणारं माणूस हवं. मुलांना ओळखणारं. ... पत्रिकेत छापलं असेल. मी छापा म्हटलं नव्हतं. ... हो, पालक विचारतील. मला विचारू देत, मी सांगेन. मुलांनाही उद्या मीच सांगतो. ... नाही, रागावलो नाही.

डॉक्टर: काय म्हणतायत?

सर: ... हो बाई, ऐकतोय. ... इतकी वर्षं चाललं, खरं आहे. ... हो. ... मी आहेच, बाई. पण मी एकच आहे.